चार खोल्या, नऊ दारं

देविदासच्या नव्या घराला खोल्या चार आणि दारं नऊ. दारं बसवताना नजीर मिस्त्रीसुद्धा वैतागला होता. "देविदासभाऊ, समदी दारंच बसवली तर भिंत कुठं बसवू?"

पण देविदासचं डोकं ठिकाणावर होतं बरं! भूकंपात गावाकडचं दगडी घर बसलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्याची माय तुळजाबाई पत्र्याच्या शेडात राहायची आणि तिथंही दाराला कडी लावू द्यायची नाही. कडी वाजली की ताडकन उठून अंगणात! "पळायला वाट पायजे," एवढंच म्हणायची. मग लातुरात घर बांधताना देविदासनं ठरवलं, मायला वाटाच वाटा द्यायच्या!

बाजार समितीतल्या वजनकाट्यावरच्या पगारात नवी दारं कुठली परवडायला? पण नशीब बघा, एका क्लासवाल्यानं तीन मजली इमारत बांधायला जुने वर्ग पाडले. देविदासनं दारं, पत्रे, बाकं, फळे सगळं भंगाराच्या भावात उचललं. बाकं जोडून दिवाण झाला, फळे कापून कपाटं झाली. काय थाट होता! फक्त दारांवर 'बॅच अ', 'बॅच ब' अशी ठसठशीत अक्षरं तशीच होती.

"अवो, ती नावं तर पुसा," त्याची बायको कावेरीबाई म्हणाली.

"रंग घरभरणीनंतर. आधी माय तर आत येऊ दे!"

घरभरणीचा मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. दारात मांडव, पेढ्यांचं ताट, सगळं तयार. आणि तुळजाबाई अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर.

"माय, नऊ दारं हायत!"

"दारं हायत रे. भिंतीबी हायत की. म्या हितंच बरी."

"मग तू आत येईस्तोवर मीबी उंबरा ओलांडत न्हाई!"

दहा वाजून गेले होते. गुरुजी घड्याळ बघू लागले. तेवढ्यात मुदखेडहून आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन 'बॅच अ'समोर उभे राहिले.

"ॲडमिशन भरल्या का हो?"

"हे घर हाय, भाऊ!"

"कळतंय, कळतंय. जागा कमी असल्या की असंच सांगतात," गृहस्थ डोळा मिचकावून म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. जूनचा महिना, वर क्लासांचं गाव लातूर! इथं रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, मग विचारतो. पाऊण तासात रांग कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेली.

घाबरलेल्या कावेरीबाईनं पेढ्यांचं ताट आत न्यायला उचललं, तिथंच घात झाला.

"पेढे निघाले! यादी लागली वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

झालं! लोक 'बॅच अ'मधून घुसले, 'बॅच ब'मधून निघाले, पुन्हा तिसऱ्या दारातून आत. कुणी चपलांसकट दिवाणावर बसलं. एका बाईनं गुरुजींना गाठलं, "सर, फिजिक्स तुमच्याकडंच ना?" देविदास बिचारा उंबऱ्याबाहेरून ओरडत राहिला. शपथ घेऊन बसला होता ना!

तुळजाबाईनं हे पाहिलं आणि तिचा पारा चढला. काठी उचलून ती थेट 'बॅच अ'मध्ये शिरली.

"माझ्या लेकाच्या घरात चपला घालून? निघा! भाईर निघा समदे!"

माणसं उरलेल्या आठ दारांतून पटापट बाहेर पडली. आणि मग आतून आवाज आला, खट्! मग दुसरा, मग तिसरा. कावेरीबाई बोटांवर मोजत होती. नऊ झाले.

अंगणात सगळे, आत एकटी तुळजाबाई. देविदास दार ठोठावायला धावला, तर कावेरीबाईनं त्याचा हात धरला.

"थांबा की. आत्याबाईंनी कड्या लावल्या."

देविदास तिथंच थबकला. त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"गुरुजी, मुहूर्त गेला का हो?"

"गेला कुठं? अकरा दहाला बरोब्बर गृहप्रवेश झाला. फक्त तुम्ही तेवढे बाहेर राहिलात."

आत भांड्यांचा आवाज झाला. मग दाराआडून तुळजाबाई ओरडली,

"देवा, चहा ठिवलाय. चपला काढून या, आन् रांगेनं!"