तलफ आली की पटवर्धनांकडे

वारज्याच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात पटवर्धन राहतात. एकटेच. घरात वाल भिजत घातलेले नाहीत असा त्यांचा दिवस जात नाही. गंमत म्हणजे वालाची उसळ त्यांना सोसत नाही. ते ती करतात आणि जिन्यात जो सापडेल त्याच्या हातात डबा ठेवतात.

माझी छाती तपासताना डॉक्टर नुसतंच "हं" म्हणाले. त्या "हं"नं हादरून मी सिगारेट सोडली. बायकोनं हे पटवर्धनांना सांगितलं.

"तलफ आली की या," ते मला म्हणाले. "उपदेश मिळणार नाही, काम मिळेल."

गेलो. मोड आलेल्या वालांचं पातेलं त्यांनी पुढ्यात सरकवलं. "सोला. दोन्ही हातांनी. सिगारेट धरायला तिसरा हात असला तर सांगा."

माझे निम्मे वाल सटकून सोफ्याखाली गेले.

"डॉक्टरांवरचा राग डाळिंब्यांवर काढू नका."

कधी कधी दिवसातून चारदा जायचो. चौथ्यांदा दार उघडताना म्हणायचे, "आता इथेच अंथरूण घालू का?"

अठराव्या दिवशी मात्र ऑफिसच्या मित्रांबरोबर टपरीवर एक ओढलीच. मग कोणत्या तोंडानं जाणार? दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अडीचला बेल वाजली. दुपारच्या झोपेत यमालाही ताटकळत ठेवेल असा हा माणूस पातेलं घेऊन दारात उभा!

"ओढलीत ना?"

"एकच," मी खाली मान घालून म्हणालो.

"मग आधीचे सतरा दिवस कुठं पळाले? ते तुमचेच आहेत."

आम्ही सोलायला बसलो. सोलता सोलता ते बोलू लागले.

"माझ्या धाकट्या भावानं दोन महिने सोडली होती. एकदा ओढताना दिसला. मी म्हटलं, वाटलंच होतं, तुझ्यानं काय होणार! त्यानं पुन्हा प्रयत्नच केला नाही. गेला त्यातच." मग म्हणाले, "आमच्या घरात चांगलं बोलायची पद्धत नव्हती हो."

पुढचा वाल उचलत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमेल तुम्हाला."

मी आणखी मूठभर वाल पुढ्यात ओढले.

आता वर्ष होईल. तलफ कधीच थांबली. तरी रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो आणि तलफ आली म्हणून सांगतो. टोमणे मारण्यात हयात गेलेल्या या माणसानं "अजून सुटली नाही का?" असं मला एकदाही विचारलेलं नाही.