दारातला मारोती

नव्या देवळाच्या दारात मारोती अडकला, तेव्हा मधुकर आत होता आणि बाकीचं गाव बाहेर.

दार त्यानंच मोजून दिलं होतं. गावातला पहिला बी.एस्सी. म्हणून तानबा मिस्त्रीनं पौषात त्याच्याकडून माप घेतलं होतं. मूर्ती साडेबावीस इंच रुंद, दार तेवीस. पण स्थापना जवळ आली तसं गाव रोज तेल-शेंदूर चढवत गेलं आणि चैत्रापर्यंत देव चहूबाजूंनी बोटभर वाढला. माप बरोबरच आहे हे दाखवायला मधुकर आतून ओढत होता. मूर्ती चौकटीत घट्ट बसली. वर फक्त आवाज जाईल एवढी फट उरली.

अकराच्या मोटारीनं त्याला आर्वी गाठायची होती. दोन वाजता तिथल्या शाळेत विज्ञानशिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती.

“तानबा, छन्नीनं खरवड ना.”

“मारोतीले छन्नी? माह्या हातानं नाई होत, भाऊ.”

मधुकर चिडला. मारोतीपुढं रोज दिवा लावणाऱ्या देवकाबाई बाहेर होत्या; त्यांना त्यानं फटीतून विचारलं, “मावशी, देव सारं करू शकते ना? मंग त्याले सोताले जाता येत नाई असं दार तो करू शकते का? हो म्हटलं तर जाता येत नाई, नाई म्हटलं तर करता येत नाई. दोन्हीकून अडकला.”

“अडकला तू आहेस, बाप्पा. तो तर दारात उभा राहून हवा खाऊन राह्यला.”

देवकाबाईंनी घरून पेटत्या शेगड्या आणून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, वर ऊद टाकला.

“हे काय आता?”

“चूप बैस. देव आपल्या मनानं शेंदराची खोळ टाकते.”

पाव तासात शेंदूर मऊ पडला, लगदे सुटू लागले. बाहेरून चौघांनी रेटा दिला. मारोती आत गेला आणि त्याची खोळ मधुकरच्या अंगावर आली, डोक्यापासून पायापर्यंत.

“मावशी, हे तर उष्णतेनं झालं.”

“उष्णता कोनं केली? आपल्याच नियमानं चालला, तर देव लहान होते काय?”

नागपूरच्या कॉलेजात चार वर्षांत इतकं थोडक्यात कुणी काही सांगितलं नव्हतं. मधुकरनं मान डोलावली, आणि तेवढ्यात मोटार सुटल्याचा भोंगा ऐकू आला.

ड्रायव्हर हिरालाल थांब्याशिवाय मोटार थांबवत नसे. एकदा त्यानं सख्ख्या सासऱ्याला हात हलवत मागे सोडलं होतं. तरी मधुकर पऱ्हाटीच्या धसकटांतून पळत वळणावर पोचला. शेतातून धावत येणारी शेंदरी आकृती पाहून हिरालालनं करकचून ब्रेक दाबला आणि हात जोडले.

“हिरालालभाऊ, मी मधुकर.”

हिरालालनं जोडलेले हात खाली घेतले. “बैस आता. थांबलोच तर.”

“पण तुमचा नियम?”

“नियम माहाच आहे ना,” गिअर टाकत हिरालाल म्हणाला. “मंग मी काऊन त्याच्या खाली राहू?”

आर्वी येईपर्यंत मधुकरनं मावशीचं आणि हिरालालचं, दोन्ही उत्तरं तपासली. ती एकमेकांच्या अगदी उलट होती आणि चूक एकातही सापडत नव्हती. आर्वीच्या नळावर शेंदूरही निघाला नाही.

दोन वाजता तो मुलाखतीच्या खोलीत शिरला, तेव्हा समोरचे तिघेही खुर्चीतून उभे राहिले.