डाव्या खांद्यावरची चावी

माझ्यासाठी आलेलं एक बऱ्यापैकी स्थळ गौतममामांनी एका शब्दात मोडलं. तो शब्द त्यांनी मुलाबद्दल नव्हे, एका कॅमेऱ्याबद्दल उच्चारला होता.

मुलाचं घर नांदूरघाटला. घर बघायला मुलीने जायची रीत नाही, म्हणून मी बीडलाच होते. पण आईने परत आल्यावर हा प्रसंग इतक्यांदा सांगितला की त्या घरातलं शोकेस मला आता स्वतः बघितल्यासारखं आठवतं. त्यात प्लॅस्टिकचा ताजमहाल, दोन बाहुल्या आणि कुणा काकांचा जुना, रोलचा कॅमेरा. मामा उंबऱ्यातून आत आले आणि पाणी घ्यायच्या आधी म्हणाले, “ह्याची किल्ली कुठंय?”

“दादा, आधी बस तरी,” आई म्हणाली.

शोकेसची किल्ली आली. मामांनी कॅमेरा बाहेर काढला. त्याच्या डाव्या खांद्यावर रोल गुंडाळायची एक छोटी चावी असते, ती दोन बोटांत धरली, डोळे मिटले आणि हळूच फिरवली. चावी गरागरा फिरली. नेमकं तेव्हाच मुलाचे वडील विचारत होते, “मग, कसं काय वाटलं आमचं घर?”

मामा कॅमेरा जागेवर ठेवत म्हणाले, “न्हाई.”

आठ दिवसांनी निरोप आला, की तुमच्या वडीलधाऱ्यांना पसंत नाही असं दिसतं. आई मामांशी महिनाभर बोलली नाही. मी बोलत होते. त्या मुलाने मला फोनवर ‘तुझे छंद काय’ असं विचारलं होतं आणि मला एकही सुचला नव्हता, त्यामुळे आमचं दोघांचंही फार नुकसान झालं असं मला वाटत नाही.

गौतममामा म्हणजे आईचे थोरले भाऊ आणि नेकनूरच्या ‘पौर्णिमा फोटो स्टुडिओ’चे मालक. स्टुडिओ म्हणजे एक खोली. एका भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, समोरच्या पडद्यावर रंगवलेला तलाव आणि तलावात तीन बदकं. त्यातल्या मधल्या बदकाचं डोकं गिऱ्हाइकांच्या पाठी घासून पुसलं गेलं आहे. पासपोर्ट फोटो काढताना मामांच्या सूचना ठरलेल्या. “हनुवटी खाली. अजून. आता माणसावानी बघ.”

जुना कॅमेरा कुठेही दिसो, मामा ती चावी फिरवतातच. लग्नात, बारशात, एकदा तर दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर शोभेला ठेवलेल्या कॅमेऱ्याची. याला ते ‘नाडी बघणं’ म्हणतात. आम्हा सगळ्यांना वाटायचं, यंत्र शाबूत आहे का ते बघत असतील. आणि कुणी कॅमेऱ्याची पाठ उघडायला गेलं, की एरवी माशीही न मारणारा हा माणूस हातावर फटका मारतो.

माझी शाळा बीडची, इंग्रजी माध्यमाची. सुट्टीत नेकनूरला गेले की मामा नव्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक माझ्यापुढे टाकत. “वाचा म्याडम.”

मी वाचून मराठीत सांगायचे. कॅमेरा धुळीपासून दूर ठेवा.

“मंग नेकनूरला इकला कावून?”

अति उष्णतेत वापरू नका.

“बीड जिल्ह्यात इकायचा न्हाई, असं सरळ ल्ह्यायला काय झालतं?”

घरी पाहुणे आले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. माहितीपुस्तकं मात्र मी पानंच्या पानं बोलले आहे.

मामांना कॅमेऱ्यांच्या कंपन्या आठवत नाहीत, दुकानं आठवतात. त्यांच्या बोलण्यात ‘सोलापूरचा’ कॅमेरा असतो, ‘हैदराबादची’ फ्लॅश असते. कोणत्या दुकानदाराने स्टूल पुसून दिलं आणि कोणी चहा सांगून विसरला, हे त्यांना अजून पाठ आहे. एखाद्या लग्नात तरुण फोटोग्राफरने भारी कॅमेरा मिरवला की मामा विचारतात, “कुणाकडून?” तो कंपनीचं नाव सांगतो. “कंपनी आलती का चहा पाजायला? दुकान सांग बे.”

दुकान भरवशाचं आहे का, हे ओळखायला त्यांचा एकच प्रश्न असतो. “ह्यात खोट काय?” बीडच्या एका चकचकीत दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्याने “काहीच नाही सर, झीरो डिफेक्ट” म्हटल्यावर मामांनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत केला. “ठिव मंग. बिनखोटीच्या वस्तूला आमच्या घरात करमायचं न्हाई.”

या परीक्षेत पहिला नंबर औरंगाबादच्या हमीदभाईंचा. शहराचं नाव बदललं हे मामांच्या जिभेला अजून कळलेलं नाही. मामांना पहिला कॅमेरा देताना हमीदभाई म्हणाले होते, “गौतमराव, इसका मीटर धूपकाले में झूठ बोलता. एक घर कम मानना.” म्हणजे उजेड मोजणारा काटा उन्हाळ्यात खोटं सांगतो, एक घर कमी धरायचं. मामा हे वाक्य शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं म्हणून दाखवतात.

कौसामामी जाऊन सहा वर्षं झाली. बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, तो आधारकार्डावरून मोठा केलेला. चेहरा करडा, डोळे दचकलेले. ज्या माणसाने विम्यासाठी अख्ख्या गावाच्या म्हशींचे फोटो काढले, त्याच्या घरात बायकोचा धड एक फोटो नाही, असं नातेवाईक हळू आवाजात बोलतात. मी ऐकत आले होते. विचारलं कधी नाही. मी विचारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली आणि मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. माणसांकडे सरळ बघायला मला संकोच वाटतो. कॅमेऱ्यातून बघितलं तर चालतं, असं माझं निरीक्षण होतं. मोबाइलवरूनच मागवते म्हटल्यावर मामांचा चेहरा पडला.

“न बघता? न बोलता? म्याडम, लगीन तरी बघून करा.”

आम्ही एसटीने हमीदभाईंकडे गेलो. त्यांचं अर्धं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांना भाड्याने दिलं आहे. उरलेल्या अर्ध्यात दोन कपाटं, एक पंखा आणि पांढऱ्या दाढीचे हमीदभाई. आम्हाला बघून त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. काउंटरखालून एक खोकं ओढलं. “आओ गौतमराव. इस बार ग्यारा हैं.”

खोक्यात जुने, रोलचे कॅमेरे होते. मामा स्टुलावर बसले आणि एकेक घेऊन चावी फिरवू लागले. “न्हाई.” पुढचा. “न्हाई.” हमीदभाई दर वेळी मान हलवत होते. हे पहिल्यांदा चाललेलं नव्हतं, एवढं मला कळलं.

मग हमीदभाईंनी माझ्यापुढे एक वापरलेला डिजिटल कॅमेरा ठेवला. मी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. शेवटी मला येत होता तो एकच प्रश्न विचारला. “यात खोट काय?”

हमीदभाई खूश झाले. “बटन. पहली बार दबाओ तो सुनता नहीं. दूसरी बार बराबर सुनता.”

मला तो कॅमेरा लगेच आपला वाटला.

तेवढ्यात लक्षात आलं की मामांचं ‘न्हाई’ थांबलं आहे. त्यांच्या हातात आठवा कॅमेरा होता. चावी पाव फेरा फिरून अडली होती. त्यांनी ती सोडली, पुन्हा फिरवली. पुन्हा अडली. हमीदभाईंचा चहाचा कप ओठांशीच राहिला. मामांनी कॅमेरा उलटा केला, उजेडात धरला, त्याचा तळ अंगठ्याने पुसला. परत पुसला.

“ठिपका न्हाई,” ते म्हणाले.

शेजारचा कव्हरवाला हे बघत होता. त्याने हात पुढे केला. “चाचा, खोल के देखूं?”

मामांनी कॅमेरा छातीशी धरला. “पाठ उघडू नको बे. आत कुणीतरी हाय.”

हमीदभाईंनी कागदाची एक पट्टी फाडली, तिच्यावर ‘खोलना मना है’ लिहिलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवली. मग तो वरच्या फळीवर ठेवला. तिथे तशाच पट्ट्या लावलेले आणखी तीन कॅमेरे होते.

परतीच्या एसटीत मी आयुष्यात पहिल्यांदा मामांना विचारलं. “कुणाला शोधताय?”

मामांनी समोरच्या सीटची दांडी धरली.

“तुझ्या मामीला,” ते म्हणाले. “छत्तीसचा रोल असायचा. लगीन उरकलं की दोन-तीन फोटो उरायचे. मी म्हणायचो, बस की समोर. तर म्हणायची, गिऱ्हाइकाचा रोल हाय, कावून वाया घालता? नारायणगडाच्या जत्रेत मी पडदा लावून बसलतो. भाकर घेऊन आली. गिऱ्हाईक नव्हतं. त्या बदकाकडं बघितलं अन् खाली बसली. म्हणली, काढा एकदाचा. लई हसली. मंग तोंडाफुडं हात आणला, पर तवर मी बटण दाबलं होतं.”

“मग?”

“दोन फोटो उरलते. म्हणलं, भरला की धुवू. आठवड्यात डिजिटल घ्यायला हमीदभाईकडं गेलतो. जुना दिला, नवा घेतला. त्येनी पाठ उघडून बघितली न्हाई, मी बी न्हाई. भरवशाच्या दुकानात कोण बघतंय?” ते हसले. “मला याद आली तवर त्येनी जुन्याचा सगळा गठ्ठाच पुढं इकला होता. माझे दोन कॅमेरे सारखे होते, म्हणून त्या कॅमेऱ्याच्या बुडाला तिनंच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलता. तेवढीच खूण. आत रोल असला की चावी अडती, अन् पाठ उघडली की उजेडानं फोटो जातो.”

“मामीला काय सांगितलंत?”

“धुवायला टाकलाय म्हणलो. दर उन्हाळ्याला इचारायची, एवढं ऊन पडलंय, माझा फोटो वाळला का न्हाई अजून? दुसरा काढू म्हणलं तर म्हणायची, आधी पहिला दावा.”

एसटी शहागडच्या पुलावर आली. खाली गोदावरीत पाणी होतं. मामा तिकडे बघत म्हणाले, “समद्या दुकानदारांना खोट इचारीत फिरलो, म्याडम. माझी मातर तिला सांगितली न्हाई.”

मी पिशवीतून नवा कॅमेरा काढला आणि खिडकीशी बसलेल्या मामांवर धरला. बटण दाबलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं.

मामांनी आवाज ऐकून मान वळवली. “रोल कावून वाया घालती?”

यात रोल नसतो, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे.

आता मी पुण्यात असते. भाजीवाल्याला वांगी ताजी आहेत का हेही मला धड विचारता येत नाही, पण रविवारी जुन्या बाजारात जाते. तिथे चादर पसरून बसलेल्या अनोळखी माणसांपुढे उकिडवी बसते आणि म्हणते, भाऊ, ही चावी जरा फिरवून बघू का? तळ आधी बघते, मग चावी फिरवते. एकदा एका दुकानदाराने विचारलं, मॅडम, नेमकं काय हवंय? मी म्हटलं, हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई. मामींच्या हातात त्या दिवशी कोणत्या बांगड्या होत्या हे मला माहीत नाही. त्याने शेवटचा कॅमेराही माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मामांचा फोन येतो.

“लागली का नाडी?”

“न्हाई, मामा.”

फोन बाजूला धरून मामा कुणाला तरी हनुवटी खाली घ्यायला सांगतात. मग परत फोनवर येतात.

“लागंल. पुसट निघंल, पर निघंल. तू पाठ तेवढी उघडू नको.”