परबकाकांचा डावा पाय

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट परबकाकांनी ब्रेक मारल्याशिवाय थांबत नाही, असं खुद्द परबकाकांचं मत आहे. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघाली की ते कोपऱ्यात ताठ उभे राहतात. पहिला मजला मागे पडला की उजवा पाय हळूहळू फरशीवर दाबायला लागतात. "हळू... हळू... हां, लागली." मग दार उघडतं आणि ते आमच्याकडे असं बघतात, की सुखरूप पोचल्याबद्दल आभार कुणाचे मानायचे ते आम्हाला आपोआप कळावं.

दत्ताराम परब. गाव मालवणजवळचं, मुक्काम मुलुंड पश्चिम, आणि सारी नोकरी बसच्या स्टिअरिंगमागे. चौतीस वर्षं बस चालवली, पण कुणाला साधा ओरखडा नाही. हे वाक्य ते नव्या वॉचमनलाही ऐकवतात आणि कुरिअरवाल्यालाही. रस्त्याने पायी जाताना वळायचं असलं तरी हात बाहेर काढून दाखवतात. एकदा मार्केटच्या कोपऱ्यावर त्यांनी असा उजवा हात काढला, तर एकाने त्यात गणिताच्या क्लासची जाहिरात कोंबली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्याने तो हातात घेऊन "काय, बरंय ना?" म्हणून विचारपूस केली. काका म्हणाले, "बघ गो, लोकांका सिग्नलच कळत नाय."

मी स्कूटर शिकले तीही त्यांच्याकडेच. "गाडी पायात नसता गो, गाडी डोक्यात असता," हे मी तेव्हा दिवसाला पंचवीसदा ऐकलंय.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एक पिवळी गाडी आली.

ती सातव्या मजल्यावरच्या गालाशेठची. गालाशेठचा धंदा प्लॅस्टिकच्या बादल्यांचा आणि स्वभाव लोण्याचा. पन्नाशीत त्यांना स्पोर्ट्‌स कार घ्यायची लहर आली. घेतली. पहिल्याच दिवशी ते आत बसले आणि बाहेर येईनात. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात असा काही तंटा लागला की दोन वॉचमन आणि मी, तिघांनी मिळून त्यांना उपटून काढलं. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. शेवटी बॅटरी बसायला लागली, तेव्हा एका रविवारी सकाळी शेठ काकांना म्हणाले, "काका, तुमच्यासारखा ड्रायव्हर आख्ख्या मुलुंडमध्ये नाही. जरा एक राउंड मारून आणा ने."

काकांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. छपरावर हात ठेवला, तर तो त्यांच्या कमरेशी आला.

"शेठ, ही गाडी आसा काय चप्पल?"

"पाचशे घोड्यांची ताकद आहे, काका!"

"घोडे बसतत खंय?"

मग शेठनी समजावलं की ही ऑटोमॅटिक, हिला क्लच नाही, दोनच पॅडल, दोन्ही उजव्या पायाने. काकांनी डाव्या पायाकडे बघितलं. "म्हंजे ह्याका रजा?"

मी तेवढ्यात स्कूटर काढायला खाली आले होते. काकांनी मला हाक मारली, "चल गो, बस बाजूक. येकट्याक माका भाषा कळाची नाय हिची." मी बसले. बसले कसली, आडवी झाले म्हणायचं. काका स्टिअरिंगवरून बाहेर डोकावले आणि हळहळले, "आयुष्यभर वरून लोकांची टकला बघितली. आता चपला बघतंय."

गेटमधून बाहेर पडलो ते गोगलगाईच्या वेगाने. गाडी पोटातून वाघासारखी गुरगुरत होती आणि चालत होती बैलगाडीसारखी. हास्यक्लबचे दोन आजोबा काही वेळ आमच्या बरोबरीने चालले, गप्पा मारल्या, मग कंटाळून पुढे निघून गेले. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "चाचा, धक्का मारू क्या?"

डोंगराकडे जाणारा रुंद रस्ता लागला. समोर मोकळं. लांब डाव्या हाताला बसस्टॉप, शेडखाली तीन माणसं. आणि काकांनी अॅक्सिलरेटर दाबला. बसचा दाबतात तसा, पार तळापर्यंत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. माझी पाठ सीटमध्ये रुतली. चष्मा कपाळावर गेला. झाडं, दुकानं, दुधाचा टेम्पो, सगळं एकाच रंगाचं झालं. मी ओरडले, "काकाऽऽ!" काका ओरडले, "क्लच खंय गेलो?" आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा रजेवर पाठवलेला डावा पाय धाडकन कामावर हजर झाला. तो पडला ब्रेकवर. उजवा अजून अॅक्सिलरेटरवरच. गाडीला काही कळेना की थांबायचं का उडायचं. मग तिने दोन्ही केलं. मागचा भाग पुढे आला, पुढचा मागे गेला, आणि त्या गरगरण्यात मला काचेतून बसस्टॉप दिसला. एक म्हातारा, एक कॉलेजची पोरगी, आणि कडेवर लेकरू घेतलेली एक बाई. सरळ समोर. बाईचं तोंड उघडं होतं. आवाज ऐकू आला नाही.

काकांनी स्टिअरिंग अक्षरशः अंगावर घेतलं, उजवीकडे. गाडी दुभाजकावर चढली, पलीकडे उतरली आणि मंडप डेकोरेटरने फूटपाथवर उन्हात घातलेल्या गाद्यांच्या ढिगात शिरली. भस्स! सगळं शांत. वरून कापूस पडत होता, मुलुंडमध्ये बर्फ पडावा तसा.

"लागला काय गो तुका?"

"नाही."

"मगे उतर. माका काय उतरूक येणा नाय."

डेकोरेटर धावत आला. "वाट लावली! आज संध्याकाळी साखरपुडा आहे, पाहुण्यांना काय कापसावर बसवू?" स्टॉपवरची ती बाई रस्ता ओलांडून आली, लेकराला छातीशी धरून. तिने काकांना ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या मला नव्या होत्या. काका रांगत बाहेर आले, उभे राहिले आणि मान खाली घालून सगळ्या ऐकल्या. हवालदार आला तेव्हा त्याने विचारायच्या आधीच लायसन्स पुढे केलं. "चूक माझी. लिवा."

पुढे दंड झाला, कडक ताकीद मिळाली. गालाशेठ मात्र आतून खूश होते. गाडी गॅरेजला गेली आणि तिकडूनच त्यांनी ती विकून टाकली. बिल्डिंगमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. काका तेवढे दिसत नव्हते.

आठव्या दिवशी मी काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. मालतीकाकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगी परदेशात. काका खिडकीशी खुर्ची घेऊन बसले होते.

"काका, झालं ते झालं. उलट तुम्ही वाचवलंत त्या लोकांना."

"मी खंय वाचवलंय? मीच तर त्यांच्या अंगावर घेऊन गेलंय."

मग विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, त्या रिक्षावाल्याने तुम्हाला चिडवलं नसतं ना, तर...

"रिक्षावाल्याचा नाय गो काय. तो स्टॉप दिसलो. तीन माणसा उभी होती, रस्त्याकडे बघत. माका वाटला, माझीच वाट बघतत. पाय आपसूक दाबलो गेलो." खालून कुणाचा तरी हॉर्न वाजला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. "गाडी उशिरा इली की लोक शिव्या घालीत. माका राग यायचो. पण शिवी कोण घालता? जो वाट बघता, तोच. आता माका कोण शिवी घालणार?"

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपली गाडी काकांनाच चालवू दे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यावं लागायचं आणि मला शाळेतल्या नोकरीतून सुटी मिळत नव्हती. आई पहिल्यांदा म्हणाली, "त्या परबांच्या गाडीत? मला अजून जगायचंय." मग काठी न्याहाळत म्हणाली, "क्लच आहे ना आपल्या गाडीला?"

काकांनी आधी नाहीच म्हटलं. दोन दिवसांनी स्वतः किल्ली मागायला आले. गाडी मी मागच्या गल्लीत लावते. दहा वाजता आई गेटवर उभी राहील, काकांनी तिथे यायचं, असं ठरलं.

आले, पण दहा वाजून चार मिनिटांनी. आई काठी आपटत होती. "अहो परब, किती वेळ! पाय मोडले माझे उभं राहून. झोपला होतात काय?"

"इली गाडी, वयनी, इली," काका म्हणाले आणि वाकून दार उघडलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच, चार मिनिटं उशीर. ज्या माणसाने कधी डेपोतून गाडी उशिरा काढली नाही, त्याला गल्लीतून गेटवर यायला उशीर कसा होतो? तिसऱ्या खेपेला मला सुटी होती. मी गॅलरीत जाऊन बघितलं.

गाडी कोपऱ्यावर केव्हाची येऊन थांबली होती. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, काचेतून गेटकडे बघत बसले होते. तिकडे आई पुन्हा पुन्हा मान लांब करून रस्ता न्याहाळत होती.

मी आईला काही सांगितलेलं नाही.