कशालासाहेबांचा रविवार

सुपरमार्केटच्या काचेच्या दारातून आत शिरताना साहेबांनी ओठ इतके घट्ट मिटून घेतले, की बाईंना हसूच फुटलं.

"अहो, श्वास तरी घ्या. बोलायला बंदी नाहीये. 'कशाला' आणि 'नको', एवढंच म्हणायचं नाही."

"माहीत आहे मला," साहेब गुरगुरले.

साहेब एका कंपनीत ऑडिटर होते. कुणी बिल पुढे सरकवलं, की चष्मा वर करून "हे कशाला?" असं विचारायचं, याचाच त्यांना पगार मिळत असे. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कशालासाहेब' म्हणत. ऑफिसात ते खपून जायचं. पण हा माणूस रविवारी सुपरमार्केटातही तेच करी, तिथं कोण ऐकून घेणार? "नवा स्पंज कशाला? जुना चांगला आहे की." "टूथपेस्ट दोन कशाला? तोंड काय वाढलंय का?" मागच्या रविवारी बाई भर गर्दीत ट्रॉली सोडून तरातरा घरी निघून गेल्या. त्या शाळेत गणित शिकवत. दिवसभर पोरांच्या शंका ऐकून त्यांचे कान आधीच किटलेले असत, त्यात हा घरचा विद्यार्थी.

मग दोन दिवस अबोला झाला, आणि त्यानंतर करार. या रविवारी आत शिरल्यापासून दाराबाहेर पाऊल पडेपर्यंत साहेबांनी 'कशाला' किंवा 'नको' म्हटलं नाही, तर त्यांची रविवारच्या खरेदीतून कायमची सुटका. खुशाल दुपारपर्यंत लोळत पडावं. म्हटलं, तर जन्मभर दर रविवारी यायचं, ट्रॉली ढकलायची आणि वर हसतमुख राहायचं.

"तुमच्याच्यानं व्हायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. तेच साहेबांना लागलं होतं.

सुरुवात तर झकास झाली. दारातच कपडे धुण्याच्या पावडरीचा डोंगर रचलेला होता, एकावर एक फुकट. येणारा प्रत्येक जण पिशव्या उचलून ट्रॉलीत टाकत होता. बाईंनीही टाकल्या. घरात पावडर उतू चालली होती, पण साहेब आढ्याकडे बघत राहिले. टूथपेस्ट आली, साहेब गप्प. सुगंधी मेणबत्ती आली. घरात दिवे असताना मेणबत्ती! साहेबांच्या घशात काहीतरी वर आलं. ते त्यांनी परत खाली ढकललं.

"मी भाजी बघते. तुम्ही ट्रॉली धरून इथंच थांबा," असं सांगून बाई गेल्या. साहेब थांबले. पण शेजारच्या फळीवर दाढीची ब्लेडं दिसली, म्हणून क्षणभर तिकडे वळले. ब्लेडं घेऊन मागे आले, पावडरीच्या पिशव्या दिसल्या ती ट्रॉली धरली आणि पुढे ढकलली.

ट्रॉली जड लागली. भाजी ठेवून गेली असेल, म्हणून साहेबांनी वाकून पाहिलं. पावडरीखाली भलीमोठी पिशवी होती, आणि तिच्यावर जीभ बाहेर काढून हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र.

साहेब जागच्या जागी थिजले. अरे देवा! लग्न झाल्यापासून बाईंना कुत्रं पाळायचं होतं. दर वर्षी त्या विषय काढत, दर वर्षी साहेब "कुत्रं कशाला?" म्हणत, आणि विषय तिथंच मिटे. आणि आज, नेमकं आज! तोंडाला कुलूप असतानाच बाईंनी डाव साधला होता. भाजीचं नुसतं निमित्त. 'काय बाई आहे ही,' साहेब मनात कडाडले. 'गणिताची बाई! बेरीज करूनच घराबाहेर पडली!'

बाई भाजी घेऊन आल्या. ट्रॉलीत ठेवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग हळूहळू सरळ झाल्या आणि साहेबांकडे बघतच राहिल्या.

"बघितलं मी," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.

"मीही बघितलं," साहेब दात आवळून म्हणाले. "मी काही बोललो का?"

"नाही ना! तेच तर म्हणतेय. एक शब्द नाही बोललात." "आलेच मी," म्हणून त्या लगबगीनं गेल्या. दूरवर बिस्किटांच्या फळीआड त्या फोनवर कुणाशी तरी हसून बोलताना साहेबांना दिसल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल गळपट्टा, साखळी आणि पाण्याचं भांडं होतं.

म्हणजे संशयाला जागाच उरली नाही. हे जनावर आता घरात येणार, सोफ्यावर चढणार, चपला खाणार, आणि आपण मूग गिळून बसायचं. दुपारपर्यंतची झोप डोळ्यांपुढे होती म्हणून, नाहीतर त्यांनी तिथंच आकाशपाताळ एक केलं असतं. पण ऑडिटरचा जीव. नुकसान टळत नसेल तर निदान कमी करावं, म्हणून त्यांनी चावायचं रबरी हाडूक उचललं आणि रागारागानं ट्रॉलीत आपटलं. निदान चपला तरी वाचतील.

ते हाडूक बघून बाईंनी पदराआड डोळे पुसले.

"आता काय झालं?" साहेब वैतागले.

"काही नाही हो. चला."

काउंटरवरच्या मुलीनं सामान ओढायला घेतलं. पिशवी, गळपट्टा, साखळी, भांडं, हाडूक. "अय्या, कुत्रं आणलंत?" तिनं विचारलं. "कुठली जात?"

"यांना विचार," बाई कौतुकानं म्हणाल्या.

"मला? हिला विचारा!" साहेब म्हणाले. "सगळं हिनंच ठरवलंय."

"इश्श, मी कुठं? तुम्हीच तर…"

इतक्यात मागून एक आडदांड गृहस्थ ट्रॉली ढकलत, घाम पुसत आला. "ओ साहेब! मघापासून शोधतोय तुम्हाला. ही मेणबत्ती तुमची का? माझी ट्रॉली घेऊन फिरताय तुम्ही. घरी कुत्रं उपाशी आहे माझं!"

मागची रांग माना उंचावून बघू लागली.

"म्हणजे हे खाणं तुम्ही नाही घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"मी? मला वाटलं तू घेतलंस!"

"आणि मी तुम्ही घेतलंत म्हणून गळपट्टा घेतला!"

"आणि तू गळपट्टा घेतलास म्हणून मी हाडूक!"

"घरी जाऊन भांडा की," रांगेतून कुणीतरी ओरडलं.

गृहस्थ आपली पिशवी खांद्यावर टाकून दुसऱ्या काउंटरकडे गेला. साहेबांच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. खुशीत त्यांनी मेणबत्तीसुद्धा स्वतःच्या हातानं पुढे सरकवली. बाईंनी मात्र गळपट्टा उचलला, अंगठ्यानं त्याचं बक्कल एकदा उघडलं, मिटलं, आणि बाजूला ठेवला.

"आपलं नाहीच ते," त्या म्हणाल्या. एवढंच.

साहेबांना बरं वाटेना. तरी त्यांनी सामान उचललं आणि दाराकडे चालू लागले. बस, आता एक काचेचं दार ओलांडलं की झालं. आणि नेमका बाईंचा फोन वाजला.

"अगं थांब जरा," म्हणून बाईंनी फोनवर हात ठेवला. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. "अहो, आमच्या शाळेतली चित्रकलेची बाई आहे. तिच्या कुत्रीची पिल्लं… मघाशी मीच तिला आनंदानं सांगून बसले, की हे स्वतःहून तयार झालेत, शेवटचं आम्हाला ठेव. ती विचारतेय, घेऊन येऊ ना? तिच्या दारात दुसरी माणसं उभी आहेत न्यायला. काय सांगू?"

"बाहेर जाऊन बोलू," साहेब चलाखीनं म्हणाले आणि एक पाऊल पुढे सरकले.

बाई हलल्या नाहीत. "आत्ताच सांगा."

साहेब उंबरठ्यावर उभे. त्यांना बघून दार उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. त्यांच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, आयुष्यभराचा सवयीचा. म्हटला की पिल्लू टळलं, पण सगळे रविवार गेले. गिळला की रविवार आपले, पण घरात कुत्रं. त्यांनी मनात झपाझप हिशेब मांडला. कुत्रं काय, हिचं हीच बघेल. झोप मात्र आपली. शिवाय बाई त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तशा त्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघत असत. त्यानंतर कधी तशा बघितल्याचं साहेबांना आठवत नव्हतं.

"येऊ दे," साहेब म्हणाले, आणि बाहेर पडले.

जिंकले! करार अक्षरशः पाळला. बाईही शब्दाच्या पक्क्या. पुढच्या रविवारी त्या एकट्याच पिशव्या घेऊन निघाल्या. "झोपा हं निवांत," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

दार लागलं मात्र, पिल्लानं असा काही टाहो फोडला, की वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, समोरचे, सगळे जिन्यात गोळा झाले. साहेबांनी बिस्कीट दिलं, हाडूक दिलं, शेवटी स्वतःची चप्पलसुद्धा दिली. त्याला बाईच हव्या होत्या. नाइलाजानं साहेब त्याला काखोटीला मारून बाईंच्या मागे धावले.

सुपरमार्केटच्या दारावर पाटी होती: कुत्र्यांना प्रवेश नाही.

तेव्हापासून साहेब काचेबाहेर उभे असतात. उन्हात, वाऱ्यात, विस्कटलेल्या केसांनी, साखळी मनगटाला गुंडाळून. आत गार हवेत बाई सावकाश फिरतात, हवं ते मनसोक्त ट्रॉलीत टाकतात आणि अधूनमधून काचेतून हात हलवतात. पिल्लू शेपूट हलवतं. ट्रॉलीत काय पडतंय ते साहेबांना इतक्या लांबून दिसत नाही.

परवा एक आजी पिल्लाला गोंजारायला थांबल्या. "किती गुणी आहे! तुम्ही इथं नेहमी येता का हो?"

"दर रविवारी," साहेब म्हणाले.