पाठमोऱ्या हिरोचे गुण कटाप

उखाआप्पाचा विषय निघाला की मी आजवर फक्त गमती सांगत आलो. ऐकणारे पोट धरून हसायचे, मीही हसायचो, आणि शेवट जवळ आला की काहीतरी निमित्त काढून उठायचो. आता आप्पा नाही. मलाही जिना चढताना मधेच बसावं लागतं. तेव्हा या वेळी शेवटासकट सांगतो.

सिनेमातला नट आपल्याकडे पाठ फिरवून बोलला की आप्पा त्या सिनेमाचे गुण कापायचा. नट कितीही मोठा असो. “पाठ दखाडी! कटाप!” असं ओरडून तो मांडीवर थाप मारायचा. भरघोस मिशांवाले कटाप. दाढीवाले साधू कटाप. डोंगरावर मुंगीएवढी दिसणारी जोडी गाणं म्हणायला लागली की आप्पा सरळ मुतारीला जायचा. थेटरात पुढच्या रांगेत, पडद्याच्या नाकाला नाक लावून बसायचा.

“माणूस शे का भिंत शे?” तो म्हणायचा. “तोंड दखाडीसनी बोल ना भो!”

नव्वदनंतरची ही गोष्ट. आम्ही दोघे खानदेशातले, सुरतेत डिंडोलीला एकाच गल्लीत राहायचो आणि एकाच कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो. सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सभा भरायची. विषय एकच: आजवरचा सगळ्यात मोठा पिच्चर कोणता? दर आठवड्याला निकाल लागायचा आणि पुढच्या आठवड्याला मोडायचा.

आप्पाचा सगळ्यात मोठा पिच्चर असा, की तो दुसऱ्या आठवड्यात थेटरातून उतरला होता. त्यात एक विधवा कोर्टात उभी राहून आपली कहाणी सांगते. मारामारी नाही, नाच नाही, नुसती बाई बोलते. “पण कशी बोलस! सरळ मना तोंडकडे दखीसनी,” आप्पा म्हणायचा. सांगताना त्याचे डोळे भरायचे आणि चहा निवायचा.

माझा पिच्चर दोन भावांचा. मोठा आईच्या पाटल्या चोरतो, आळ धाकट्यावर येतो, धाकटा घर सोडून जातो. शेवटी मोठा दारात उभा राहतो, आईकडे पाठ करून एकच वाक्य बोलतो, आणि सगळं थेटर रडतं.

“पाठ करीसनी?” आप्पा विचारायचा.

“हो, पण आप्पा, बोलतो काय ते तर—”

“कटाप!”

लारीवर हशा पिकायचा. मला ते लागायचं. हसण्यावारी न्यावं, एवढं मन माझं मोठं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने व्हिडिओ भाड्याने आणायचं ठरवलं. कॅसेट एकच आणायची, गल्लीने ठरवलेली. हात वर करून मतं घेतली. आप्पाने घरोघरी फिरून त्या विधवेची बाजू अशी मांडली होती, की माझ्या बायकोनेसुद्धा तिच्यासाठी हात वर केला.

मला राग आला. म्हणून मी लारीवर, सगळ्यांसमोर विचारलं, “आप्पा, सारखं कटाप करतोस. माझा हिरो दारात उभा राहून काय बोलतो, ते तरी सांग!”

आप्पा हसला. म्हणाला, “चहा थंडा व्हई ऱ्हायना.”

तिथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेर तो पुढे चालत होता. मी मागून हाक मारली. मग मोठ्याने. मग शिवी दिली. आप्पा शांतपणे बिडी ओढत चालला होता.

त्याला ऐकू येत नव्हतं. अजिबात नाही. इतकी वर्षं शेजारच्या लूमवर असून मला कळलं नाही, याचं नवल वाटेल. पण लूमच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओठ बघूनच बोलतो आणि बाहेर आल्यावरही ओरडतो. आमच्यात बहिरा माणूस लपायला जागाच जागा. लूमच्या चौकटीवर तो सारखा तळहात ठेवायचा. आम्ही म्हणायचो, आप्पा बैलाला थोपटतोय. तो हाताने ऐकत होता.

हे कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

व्हिडिओच्या दिवशी मांडव भरला होता. कारखान्याचा मास्तर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, सुरती माणूस, घरच्यांना घेऊन आला होता. आप्पा सगळ्यात पुढे, टीव्हीसमोर. विधवा साक्षीला उभी राहिली आणि मी आप्पाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

“आप्पा, तुझ्या धोतराला आग लागली!”

लोक हसले.

“आप्पा, मागे साप!”

आणखी हसले. मला चेव चढला. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. हसण्याच्या लाटेने मांडव हलला. आप्पाने मान वळवून पाहिलं. तोवर मी तोंड मिटलं होतं. सगळे हसताना दिसले, म्हणून तोही हसला. विधवा समोर रडत होती आणि तो आमच्याकडे बघून हसत होता, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

मास्तर हसला नाही.

“बहेरो माणस? काले पट्टामां हाथ आवी जाय तो?” तो एवढंच म्हणाला. उद्या यंत्राच्या पट्ट्यात हात गेला तर कोण निस्तरणार? त्या आठवड्यात आप्पाचे लूम दुसऱ्याला गेले. त्याला झाडू मिळाला. लारीवर तो यायचा, पण पिच्चरवर कोणी बोलेना. सगळे त्याच्याशी बोलताना ओठ ताणताणून हलवायला लागले, लहान पोराशी बोलावं तसे. थोड्या दिवसांनी त्याने गावी परतायचं ठरवलं.

उधना स्टेशनवर मी ट्रंक घेऊन त्याच्या मागे चाललो. मागून मी सगळं बोललो. मी होतो तो, आप्पा, माझं चुकलं. मोठ्याने बोललो. एक हमाल वळून बघायला लागला.

आप्पा खिडकीशी बसला. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, “भिका, एक सांग. तुना पिच्चरमा तो दारमा उभा ऱ्हाईसनी काय बोलस?”

मी गज धरले. ओठ नीट हलवत म्हणालो, “माँ, वो मैं था. मुझे माफ कर दे.”

आप्पाने ते पुटपुटून पाहिलं. मग मांडीवर थाप मारली.

“मंग मोठा शे भो तुना पिच्चर! सगळास्मा मोठा!” गाडी हलली. तो गजाला तोंड लावून ओरडला, “पण पाठ कसाले फिरावी त्यानी? मायले दिसाले पाहिजे व्हतं ना!”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी नुसता हात हलवला.