ग्लेनच्या पोटरीवरचे तारे

"आकाश बघायला नकाशा? टॅमसिन, तू तारे शोधतेयस की डॉक्टरचा दवाखाना?"

ग्लेन पिकर्डने लेकीच्या हातातली पुठ्ठ्याची फिरती चकती बाजूला सारली आणि उजवी पोटरी ऐटीत पुढे केली. "हा बघ नकाशा! अठरा वर्षं अंगावर वागवतोय!"

देशाच्या झेंड्यावरचा सदर्न क्रॉस, म्हणजे दक्षिण आकाशातला ताऱ्यांचा क्रूस, ग्लेनने ऐन तारुण्यात पोटरीवर गोंदवून घेतला होता. तेव्हापासून अख्खं आकाश वडिलोपार्जित असल्यासारखा तो त्याच्याबद्दल बोलायचा. थंडीतसुद्धा अर्धी चड्डी घालायचा, का तर लोकांना क्रॉस दिसावा!

दहा वर्षांच्या टॅमसिनला पोटरीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता बॅज. मार्चच्या लांब सुट्टीत मरे नदीकाठी गाइड मुलींचा कॅम्प पडला होता. अंधार पडला की एकेका मुलीने कॅम्पच्या प्रमुख नोएलीनबाईंना आकाशातला क्रॉस दाखवायचा, त्यावरून दक्षिण दिशा काढायची आणि आकाशाचा बॅज घ्यायचा. एका मुलीला एकच संधी. गेल्या वर्षी टॅमसिनची वेळ आली आणि नेमके ढग आले. वर्षभर बाहीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली बिचारी! यंदा चुकलं, तर पुन्हा वर्षभर तेच.

या परीक्षेला सोबत घरातलं एक मोठं माणूस लागायचं. "आई येईल," टॅमसिन घाईघाईने म्हणाली.

"आईला ताऱ्यांतलं काय कळतं?" ग्लेन म्हणाला.

"मला कळत नाही, एवढं मला कळतं," टॅमसिनची आई डेनीस भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुला तेही कळत नाही!"

पण ऐकेल तो ग्लेन कसला! सूर्य कलल्यापासूनच तो तयारीला लागला. डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावायचा असतो. कागद सापडेना, म्हणून या बहाद्दराने डेनीसचा लाल लोकरीचा मोजा टॉर्चवर चढवला. उजेड साफ बंद! मग वैतागून मोजा ओढून काढला, तो झगझगीत झोत थेट सॉसेजेस परतणाऱ्या पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत! त्याचा चिमटा उडाला. ग्लेन माफी मागायला धावला, तो तंबूच्या दोरीत पाय अडकून सपशेल आडवा.

"दिवे बंद करा सगळे!" पडल्या पडल्या त्याने हुकूम सोडला. "इथे शास्त्राचं काम चाललंय!"

लोकांनी बिचाऱ्यांनी दिवे बंद केले. अंधारात अठ्ठावीस सॉसेजेसचा कोळसा झाला. उपाशी लोक चिडून ग्लेनभोवती जमले, की बघू तरी, एवढं काय दाखवतोय! नोएलीनबाईही वही घेऊन आल्या.

ग्लेनने चकती गवतावर ठेवून तिच्यावर वाकून पाहिलं. "बघा! पूर्व-पश्चिम उलटी छापलीय!"

"बाबा, ती डोक्यावर धरून खालून बघायची असते. मग दिशा बरोबर जुळतात."

"डोक्यावर छत्री धरतात! ठेव तो पुठ्ठा." त्याने मान मागे टाकली आणि उंच आभाळाकडे बोट रोखलं. "तो! तो बघा आपला क्रॉस!"

चार तारे होते खरे, छान ऐसपैस. गर्दीतून "वा!" आलं. टॅमसिनला मात्र ते पटेना. तिने चकती डोक्यावर धरली, टॉर्चला मोजा पुन्हा चढवून एका धाग्याच्या फटीतून जेमतेम उजेड पाडला आणि वर-खाली बघितलं.

"बाबा, क्रॉसशेजारी दोन वाटाडे तारे असतात. ते कुठेत?"

"लांब सुट्टी आहे. गेले असतील कुठेतरी!"

"आणि दक्षिण?"

ग्लेनने हवेत हात फिरवून लांबी मोजली आणि बोट सरळ न्हाणीघरांवर उतरवलं. "ही दक्षिण!"

"तिकडून तर सकाळी सूर्य उगवला!"

कोणीतरी फिसकन हसलं. ग्लेनचे कान तापले. "टॅमसिन, बापावर विश्वास आहे की पुठ्ठ्यावर?"

नोएलीनबाईंनी पेन उघडलं. "बोल बाळा. कुठला क्रॉस? एकदाच सांगायचं हं."

टॅमसिनने बापाकडे पाहिलं. बापाचं म्हणणं मानावं, तर बॅज गेला. न मानावं, तर चारचौघांत बापाची शोभा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"पुठ्ठ्यावर!" ती ओरडली. "तो तोतया आहे, बाबा! नकाशावर लिहिलंय, खोटा क्रॉस! खरा तो, खाली डावीकडे. लहान आहे पण ठळक आहे. त्याच्याखाली ते दोन वाटाडे. खऱ्याला पाच तारे असतात, तुझ्याला चारच!"

"चारच असतात!" ग्लेन हट्टाला पेटला. "ही पोटरी बघा!"

नोएलीनबाई गुडघ्यावर बसल्या. लाल मोज्यातला टॉर्च पोटरीजवळ आला. सगळा कॅम्प वाकला. एक, दोन, तीन, चार.

"पाचवा केसांखाली आहे," ग्लेन पुटपुटला.

"चार तारे?" सॉसेजवाला गरजला. "अरे, आपल्या झेंड्यावरच्या क्रॉसला पाच असतात, हा तर न्यूझीलंडवाल्यांचा झेंडा! अठरा वर्षं त्यांचा झेंडा मिरवतोयस होय रे?"

हशा असा उसळला, की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. ग्लेनने केविलवाणेपणाने बायकोकडे पाहिलं. बायकोने अठरा वर्षं दाबून ठेवलेलं अखेर ओकून टाकलं.

"मीच गाडी चालवत नेलं होतं याला गोंदवायला. चौथा तारा झाला आणि हा रडत दुकानाबाहेर! पाचव्याला परत गेलाच नाही. वर मलाच बजावलं, कोणाला सांगायचं नाही म्हणून!"

टॅमसिनने मात्र त्या गोंधळातही वेळ घालवला नाही. खऱ्या क्रॉसची लांब रेघ साडेचार पट वाढवली, तिथून सरळ खाली नदीकाठच्या मोठ्या निलगिरीच्या झाडावर आली. "ही दक्षिण, बाई." नोएलीनबाईंनी खिशातलं होकायंत्र काढलं, पाहिलं आणि वहीत खूण केली. बॅज तिथल्या तिथे हातात! टॅमसिनने तो छातीशी धरला आणि भोकाड पसरून रडली. आनंदाने.

तंबूत ग्लेन पाय पोटाशी घेऊन, तोंड पाडून बसला होता. दुसऱ्या दिवशी लांब पँट घालावी लागणार, ती आणलेलीच नव्हती. टॅमसिन निळं बॉलपेन घेऊन आली.

"बाबा, पाय पुढे कर. पाचवा मी काढते. मग कोणी हसणार नाही."

ग्लेनला अगदी भरून आलं. त्याने पोटरी पुढे केली, डोळे घट्ट मिटले, उशी दातांत धरली. पेन टेकलं मात्र...

"आई गं! मेलो! हळू ना गं!"

"बाबा," टॅमसिन म्हणाली, "अजून टोपण काढलं नाहीये."